डॉ. सॅम्युएल हानेमान

पावसाळ्याचें सत्र सुरू झालें कीं आमच्या शाळेंत दोन गोष्टी हटकून दिसूं लागतात : व्हरांड्यांतली ओल्या छत्र्यांची रांग आणि घसा धरलेलीं मुलें. सकाळच्या प्रार्थनेंत निम्मे आवाज फुटके येतात. मग मधल्या सुटींत कोणाच्या तरी दप्तरांतून एक चिमुकली बाटली बाहेर निघते. तींत साबुदाण्याहूनही लहान अशा पांढऱ्याशुभ्र गोळ्या असतात. चार गोळ्या जिभेवर ठेविल्या जातात, आणि ज्याचा घसा मुळींच दुखत नाहीं तोही हात पुढें करितो, कारण गोळ्या गोड असतात. ह्या बाटलीसाठीं डॉक्टरची चिठ्ठी लागत नाहीं. बाजारांत ती सहज मिळते. तिच्यावर पुष्कळदां बेलाडोना असें नांव छापलेलें असतें.

ह्या गोळ्या आणि त्या देण्याची ही सारी रीत ज्या एका मनुष्याच्या डोक्यांतून निघाली, त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस ठाऊक असावें असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होतें. तो मनुष्य विद्वान् होता, कष्टाळू होता, आणि रोग्यांविषयीं त्याला खरा कळवळा होता. त्याचें मत मात्र काळाच्या कसोटीस उतरलें नाहीं. हीं दोन्ही सत्यें एकत्र सांगणें जरा अवघड आहे. तरी तसा प्रयत्न आम्ही येथें करितों.

जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत एल्ब नदीच्या कांठीं मायसेन नांवाचें गांव आहे. चिनी मातीच्या नाजूक भांड्यांसाठीं तें युरोपभर प्रसिद्ध असून तेथील कारखाना १७१० सालीं निघाला. ह्या कारखान्यांत भांड्यांवर चित्रें रंगविणाऱ्या ख्रिस्तियान गॉटफ्रीड हानेमान नांवाच्या कारागिराच्या घरीं १७५५ सालच्या एप्रिल महिन्यांत, १० तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमारास, सॅम्युएलचा जन्म झाला. घरची स्थिति बेताची होती. त्यांतच पुढल्या वर्षीं सात वर्षांचें युद्ध पेटलें आणि मायसेनच्या कारागिरांचे फार हाल झाले. बाप शाळेंत फारसा शिकलेला नव्हता, पण विचारी होता. कामावर जातांना तो मुलाला एखादा प्रश्न घालून खोलींत एकटा बसवी आणि परत आल्यावर त्यावर काय विचार केला तें विचारी. हल्लींच्या पालकांस ही शिकवणी विचित्र वाटेल. परंतु कोणी सांगितलें म्हणून एखादी गोष्ट खरी मानावयाची नाहीं, ही हानेमान यांची जन्माची संवय तेथेंच लागली असावी.

पैशाच्या अडचणीमुळें बापानें मुलाला अनेक वेळां शाळेंतून काढून घेतलें. रात्रीं वाचावयास दिव्याला तेल मिळेना, तेव्हां मुलानें स्वतःच्या हातांनीं मातीचा दिवा करून चोरून अभ्यास चालविला असें सांगतात. शिक्षकांनीं मात्र त्याला सोडिलें नाहीं. त्याची भाषांची गति पाहून मायसेन येथील सेंट आफ्रा ह्या नामांकित विद्यालयांत त्याला फीवांचून घेण्यांत आलें. बाराव्या वर्षीं तो आपल्याहून लहान मुलांस ग्रीक भाषेचीं मूलतत्त्वें शिकवूं लागला होता. शाळा सोडतांना त्यानें जो लॅटिन निबंध लिहिला त्याचा विषय मनुष्याच्या हाताची अद्भुत रचना हा होता. शिक्षकाच्या एका शब्दानें एखाद्याचें आयुष्य कसें वळतें याचें हें उदाहरण आम्हांस विशेष प्रिय आहे, हें आमचे सहकारी समजून घेतील.

१७७५ सालीं वीस थॅलर नाणीं खिशांत घेऊन वीस वर्षांचा हा तरुण वैद्यक शिकण्यासाठीं लाइपझिग येथें गेला. घरून पुन्हां पैसे मागावयाचे नाहींत असा त्याचा निश्चय होता. दिवसा व्याख्यानें ऐकावयाचीं, एका श्रीमंत ग्रीक तरुणास जर्मन व फ्रेंच शिकवावयाचें, आणि रात्रीं जागून इंग्रजी ग्रंथांचीं भाषांतरें करावयाचीं, असा क्रम चालला. परंतु तेथें रोगी पाहावयास रुग्णालय नव्हतें; म्हणून १७७७ सालीं तो व्हिएन्नास गेला. तेथें डॉ. क्वारिन यांच्या हाताखालीं तो खरें वैद्यक शिकला, आणि नऊ महिन्यांच्या आंतच त्याचे पैसे संपले. मग ट्रान्सिल्व्हेनियाचे गव्हर्नर ब्रुकेनथाल यांच्या पदरीं हर्मानश्टाट येथें राहून त्यानें त्यांच्या ग्रंथसंग्रहाची व जुन्या नाण्यांची यादी केली. शेवटीं १७७९ च्या ऑगस्ट महिन्यांत एर्लांगेन येथें त्याला वैद्यकाची पदवी मिळाली. एर्लांगेन निवडण्याचें कारण एवढेंच कीं तेथें परीक्षेची फी कमी होती.

आतां हा तरुण डॉक्टर झाला. तेव्हां आम्हीही त्याला मानानें संबोधूं. हानेमान यांनीं निरनिराळ्या गांवीं धंदा मांडला. १७८२ सालीं डेसाऊ येथील एका औषधविक्याची सावत्र मुलगी हेन्रिएटे क्यूखलर हिच्याशीं त्यांचा विवाह झाला; ह्या दांपत्याला अकरा अपत्यें झालीं. परंतु धंद्यांत हानेमान यांचें मन रमेना. त्या काळचें वैद्यक कसें होतें हें आजच्या मुलांस सांगितल्यावांचून समजणार नाहीं. ताप आला, शीर तोडून रक्त काढा; उतरला नाहीं, आणखी काढा. जळवा लावा, ओकाऱ्या करवा, रेच द्या, पारा इतका द्या कीं तोंडांतून लाळ गळूं लागेल. ज्यांचें शरीर मजबूत तेच रोगांतून आणि उपचारांतून दोहोंतूनही वांचत. आपण रोग्यांस बरें करण्याऐवजीं मारीत तर नाहीं ना, ही टोंचणी हानेमान यांस असह्य झाली आणि त्यांनीं वैद्यकी जवळजवळ सोडून दिली. घरांत वाढतीं मुलें असतां हातचा धंदा केवळ सदसद्विवेकबुद्धीसाठीं सोडणें किती जणांस जमेल? भाषांतरें आणि रसायनशास्त्र यांवर त्यांनीं निर्वाह चालविला. सोमलाच्या विषबाधेवर १७८६ सालीं त्यांनीं लिहिलेला ग्रंथ आणि दारूंतलें शिसें ओळखण्याची त्यांची रीत ह्यांची विद्वानांत वाहवा झाली. १७९२ सालीं सम्राट् दुसरा लिओपोल्ड मरण पावला, तेव्हां वारंवार रक्त काढणाऱ्या राजवैद्यांस हानेमान यांनीं वर्तमानपत्रांतून उघड जाब विचारला. त्याच सालीं गेओर्गेनथाल येथें एका वेड लागलेल्या सरकारी अधिकाऱ्यास त्यांनीं साखळ्या न घालतां, मारहाण न करितां, केवळ सौम्य वागणुकीनें सांभाळलें व तो सुधारला. ह्या दोन गोष्टींसाठीं तरी त्यांचें नांव आदरानें घेतलें पाहिजे.

आतां मुख्य कथेकडे वळूं. १७९० सालीं हानेमान हे कलन नांवाच्या स्कॉच वैद्याच्या औषधिग्रंथाचें भाषांतर करीत होते. ज्या झाडाच्या सालीपासून पुढें कोयनेल निघालें ती सिंकोनाची साल हिंवतापावर गुणकारी कां, याचें कारण कलन यांनीं तिच्या कडूपणांत व तुरटपणांत सांगितलें होतें. हानेमान यांस तें पटेना. कडू-तुरट पदार्थ दुसरेही पुष्कळ आहेत. ते हिंवताप कां घालवीत नाहींत? मग त्यांनीं स्वतः निरोगी असतां ती साल कित्येक दिवस दोन वेळ घेऊन पाहिली. हातपाय गार पडले, नाडी जलद झाली, थरथर सुटली, तहान लागली. सारांश, थंडीचा ताप नसतां त्याचीं बहुतेक चिन्हें दिसलीं. यावरून त्यांच्या मनांत एक कल्पना चमकली : जें औषध निरोग्यांत ज्या विकाराचीं लक्षणें उत्पन्न करितें, तेंच औषध रोग्यांतला तसला विकार घालवितें. १७९६ सालीं त्यांनीं ती हूफेलांड यांच्या वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध केली. सारखा आणि पीडा ह्या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून पुढें त्यांनींच तिला होमिओपॅथी हें नांव दिलें.

येथें थोडें थांबावयास हवें. औषध आधीं स्वतःच्या देहावर पारखून पाहणें ही गोष्ट त्या काळीं धाडसाची होती. पण एका मनुष्याच्या एका अनुभवावरून त्यांनीं जो नियम बांधला तो टिकला नाहीं. सिंकोना घेतल्यानें निरोगी मनुष्यास सामान्यतः हिंवतापासारखा ताप येत नाहीं. हिंवतापाचा सूक्ष्म जीव रक्तांत असतो हें १८८० सालीं लाव्हरान यांनीं पाहिलें. १८९७ सालीं सिकंदराबाद येथें रॉस यांस तो डांसाच्या पोटांत सांपडला. आणि सालींतील कोयनेल त्या जीवास मारतें म्हणून ताप जातो हें पुढें निश्चित झालें. सारखेपणाचा येथें कांहीं संबंध नाहीं.

दुसरी कल्पना ह्याहून विलक्षण. विषारी औषधांचें प्रमाण कमी करितां करितां हानेमान इतके खालीं गेले कीं त्यांचे मित्रही चकित झाले. औषधाच्या अर्काचा एक थेंब नव्याण्णव थेंब मद्यार्कांत मिसळून जोरानें हलवावयाचा. त्यांतला एक थेंब पुन्हां नव्याण्णव थेंबांत. असें तीस वेळां. आमच्या आठवीच्या मुलांनीं हें गणित वहींत करून पाहावें. मूळ औषधाचा अंश एक भागिले एकावर साठ शून्यें इतका उरतो! हलविण्यानें औषधाची गुप्त शक्ति जागी होते, असें हानेमान म्हणत. साखरेच्या खसखशीएवढ्या गोळ्या ह्या पाण्यासारख्या मद्यार्कानें भिजवून वाळविल्या कीं झालें औषध. पदार्थाचे अणुरेणू किती लहान आणि किती आहेत, याचा पहिला अंदाज लोश्मिट यांनीं १८६५ सालीं केला. हानेमान तेव्हां बावीस वर्षांपूर्वीं वारले होते. त्या हिशेबानें बारा वेळां पातळ केल्यावरच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरला तर उरला. तीस वेळां केल्यावर गोळींत साखरच राहते. तें ठाऊक असतें तर त्या सत्यप्रिय मनुष्यानें काय केलें असतें, याचा आम्ही पुष्कळदां विचार करितों.

घशाच्या गोळ्यांची हकीकत अशी. १७९९ सालच्या सुमारास हानेमान कोनिग्झलुटर येथें राहत असतां तेथें लोहितांग ज्वराची सांथ आली. ह्यांत मुलांचा घसा लालबुंद होऊन सुजतो, अंगावर तांबडें पुरळ उठतें, ताप चढतो; त्या काळीं घरेंच्या घरें ह्या तापानें ओस पडत. एका कुटुंबांतल्या चार मुलांपैकीं तिघें आजारी पडलीं, पण चौथी मुलगी वांचली. ही मुलगी बोटांच्या सांध्यांच्या दुखण्यासाठीं हानेमान यांचें बेलाडोना घेत होती. बेलाडोना ही विषारी वनस्पति आहे. तिची बाधा झाली म्हणजे घसा कोरडा पडतो, चेहरा लाल होतो, अंग तापतें. हानेमान यांस वाटलें, नियम सिद्ध झाला! त्यांनीं बेलाडोनाचे अतिसूक्ष्म अंश मुलांस वांटले, आणि १८०१ सालीं त्यावर पुस्तिका लिहिली. औषधाचें नांव त्यांनीं आधीं गुप्त ठेविलें होतें, याबद्दल समव्यवसायी डॉक्टरांनीं त्यांस दोष दिला, आणि तो दोष अस्थानीं नव्हता असें आमचें मत आहे. त्या दिवसापासून आजतागाईत घसा दुखूं लागला कीं बेलाडोनाच्या गोळ्या पुढें येतात.

एक मूल वांचलें यावरून औषध लागू पडलें असें होत नाहीं; औषधावांचूनही कित्येक मुलें वांचतात. त्या वेळीं ही तुलना करण्याची पद्धति वैद्यकांत फारशी रूढ नव्हती. लोहितांग ज्वर एका जातीच्या जंतूंपासून होतो हें डिक पतिपत्नींनीं अमेरिकेंत १९२३-२४ च्या सुमारास दाखविलें. स्ट्रेप्टोकॉकस असें त्या जंतूंचें नांव. आमच्या मुलांचे कांहीं घसेही त्यांच्यामुळेंच सुजतात. बहुतेक घसे मात्र साध्या विषाणूंमुळें दुखतात आणि आठवड्याभरांत आपोआप बरे होतात. ते गोळ्या घेतल्या तरी बरे होतात, न घेतल्या तरी बरे होतात. यश मात्र गोळ्यांच्या पदरीं पडतें. २०१५ सालीं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन मंडळानें ६१ प्रकारच्या विकारांवरील १७६ प्रयोग तपासले, आणि त्यांपैकीं एकाही विकारावर होमिओपॅथीचा गुण येतो याचा भरंवशाचा पुरावा मिळाला नाहीं.

येथें आमची स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांमागें आमच्या वसतिगृहांत सातवींतला एक मुलगा घसा धरून निजून राहिला. अंगांत ताप होता, गिळतां येत नव्हतें. आईनें ट्रंकेंत घालून दिलेली गोळ्यांची बाटली त्यानें आम्हांस दाखविली, आणि ह्याच गोळ्या दिवसांतून तीन वेळ घे असें आम्हींच त्यास सांगितलें. चार दिवसांनीं तो खेळूं लागला. आम्ही मनांत संतोष पावलों. तीन आठवड्यांनीं त्याचा गुडघा सुजला. तो उतरतो तों घोटा सुजला, मग मनगट. रुग्णालयांत नेल्यावर डॉक्टरांनीं संधिज्वराचें निदान केलें आणि हृदयाची एक झडप बिघडल्याचें सांगितलें. त्या जंतूंचा घसा वेळींच पेनिसिलिननें बरा केला तर हा अनर्थ बहुधा टळतो, हें आम्हांस तेव्हां कळलें. गोळ्यांनीं त्याला विष दिलें नाहीं. त्यांनीं केवळ आमचा वेळ घेतला. तो मुलगा आज चांगला कामाधंद्यास लागला आहे, पण दर तीन आठवड्यांनीं त्यास सुई टोंचून घ्यावी लागते. त्याच्या आईनें आम्हांस कधीं बोल लाविला नाहीं. लाविला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. तेव्हांपासून ताप असलेला, गळ्याच्या गांठी सुजलेला, आंत पांढरे ठिपके दिसणारा किंवा गिळतां न येणारा घसा आम्ही त्याच दिवशीं डॉक्टरांकडे पाठवितों. घटसर्पाचें भयही अद्याप समूळ गेलेलें नाहीं.

असो. हानेमान यांचें पुढलें आयुष्य वादळी गेलें. १८१० सालीं त्यांचा ऑर्गेनॉन हा मुख्य ग्रंथ निघाला. १८११ च्या सुमारास ते लाइपझिगला परतले आणि विद्यापीठांत व्याख्यानें देऊं लागले. शांतपणें सुरू झालेलें व्याख्यान जुन्या वैद्यकाचा विषय निघतांच गर्जनेंत बदले, व पुष्कळ विद्यार्थी केवळ ती मौज पाहावयास येत. थोडे निष्ठावंत मात्र राहिले. त्यांनीं गुरूबरोबर औषधें स्वतःवर पारखून लक्षणांच्या नोंदी केल्या. १८१३ सालीं लाइपझिगची मोठी लढाई झाली आणि मागोमाग टायफसची सांथ आली; त्या वेळीं हानेमान यांच्या रोग्यांपैकीं फार थोडे दगावले असें त्यांनीं नमूद केलें आहे. आम्हांस यांत नवल वाटत नाहीं. ज्यांचें रक्त काढलें जात नाहीं, ज्यांस विश्रांति व स्वच्छ हवा मिळते, ते अधिक वांचणारच. रोग्याच्या शरीरास त्रास देऊं नये हाच हानेमान यांचा खरा उपाय होता. त्यांनीं त्याचें श्रेय साखरेच्या गोळीस दिलें.

ते आपलीं औषधें स्वतः करून देत, त्यामुळें औषधविक्यांचा धंदा बुडूं लागला. त्यांनीं फिर्याद केली आणि निकाल हानेमान यांच्या विरुद्ध गेला. नेपोलियनास हरविणारा सेनापति श्वार्झेनबर्ग त्यांच्याकडे उपचारास आला होता, तोही १८२० सालीं वारला. १८२१ मध्यें कोथेन येथील ड्यूकनें त्यांस आश्रय दिला आणि तेथें त्यांचीं चौदा वर्षें गेलीं. १८३० सालीं सुखदुःखाची सोबतीण हेन्रिएटे वारली. दुसऱ्याच वर्षीं युरोपांत पटकी पसरली. ती डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म सजीवांमुळें पसरत असावी, असें हानेमान यांनीं त्या वेळीं लिहून ठेविलें. जंतुशास्त्राच्या कितीतरी आधीं केलेला हा तर्क मात्र अगदीं अचूक होता. उतारवयांत त्यांचा स्वभाव कडक झाला. जे शिष्य त्यांच्या वाटेपासून तसूभर ढळत त्यांची ते जाहीर निर्भर्त्सना करीत. ज्यानें कोणाचा शब्द प्रमाण मानला नाहीं त्यानें आपला शब्द मात्र सर्वांनीं प्रमाण मानावा असा हट्ट धरला.

१८३४ च्या ऑक्टोबरांत पॅरिसहून मेलानी द'एर्व्हिली नांवाची एक चित्रकार स्त्री पुरुषाचा वेष करून कोथेनला उपचारासाठीं आली. तीन महिन्यांत दोघांचें लग्न झालें. वर एकोणऐंशी वर्षांचा, वधू चौतीस वर्षांची. गांवांत काय चर्चा झाली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. १८३५ च्या जूनमध्यें नवराबायको पॅरिसला गेलीं, आणि ज्या मनुष्यानें एकेकाळीं मुलांच्या पोटासाठीं रात्रीं जागून भाषांतरें केलीं त्याच्या दारीं श्रीमंतांच्या गाड्यांची रांग लागूं लागली. गरिबांस तो फुकट पाहत असे.

त्याच पॅरिसांत होनिगबर्गर नांवाचा एक ट्रान्सिल्व्हेनियाचा प्रवासी वैद्य त्यांस भेटला. १८३९ सालीं लाहोरास महाराज रणजितसिंग यांची वाचा बसली असतां त्यानें त्यांस ह्या पद्धतीचें औषध दिलें. महाराज त्याच वर्षीं वारले, पण औषध हिंदुस्थानांत राहिलें. कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार आधीं ह्या पद्धतीचे कट्टर विरोधक होते, ते १८६७ सालीं तिचे पुरस्कर्ते झाले. पुढें १८७६ सालीं विज्ञानाच्या संशोधनासाठीं त्यांनींच ती संस्था काढली जींत सर सी. व्ही. रामन यांनीं आपलें कार्य केलें. मंगळुरास शाळामास्तर म्हणून आलेले फादर म्युलर यांनीं १८८० पासून कंकनाडी येथें गरिबांस ह्याच गोळ्या वांटल्या आणि १८९० सालीं कुष्ठरोग्यांसाठीं आश्रम उघडला. त्या गोळ्यांचें कांहीं झालें असो. तो आश्रम आणि त्यामागून वाढलेलें मोठें रुग्णालय हीं खरीं आहेत.

हानेमान २ जुलै १८४३ रोजीं पॅरिस येथें अठ्ठ्याऐंशीव्या वर्षांचे होऊन वारले. मेलानीनें कोणास न बोलावितां, पहांटेच्या वेळीं, मोंमार्त्रच्या दफनभूमींत त्यांस पुरलें. १८९८ सालीं त्यांचे अवशेष पेर लाशेझ येथें मोठ्या स्मारकाखालीं हलविण्यांत आले. ऑर्गेनॉनची शेवटची, सहावी आवृत्ति त्यांनीं मरणापूर्वीं वर्षभर आधीं तयार करून ठेविली होती. मेलानीनें व पुढें तिच्या वारसांनीं ते कागद जपून ठेविले, आणि तें पुस्तक छापून निघावयास १९२१ साल उजाडलें.